बोर्डाची शाळा : एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी शहरांतून

काही वर्षांपूर्वी मुलीकडे लेस्टरला तीन महिने राहिले होते. तिच्या घरापासून चार गल्ल्या सोडून लाल विटांची एक उंच इमारत आहे. आता तिथे बिऱ्हाडे आहेत. पण दरवाज्यांवरच्या दगडांत कोरलेली अक्षरे कोणी खरवडून काढलेली नाहीत. एका दारावर ‘मुलगे’, दुसऱ्यावर ‘मुली’, तिसऱ्यावर ‘शिशू’, आणि वर मधोमध ‘बोर्ड स्कूल’. मुलगी म्हणाली, “आई, ही बघ बोर्डाची शाळा!” बडोद्याला आमच्या घरी हा शब्द आजोबांपासून होता. बोर्डाची शाळा म्हणजे फी नसलेली, कौले गळणारी, आणि तरीही आपल्यातल्या निम्म्या लोकांना अक्षरओळख करून देणारी. पण हे ‘बोर्ड’ मुळात कुठले, याचा विचार सारे आयुष्य शाळेत घालवूनही मी कधी केला नव्हता. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून जे वाचले, आणि परतल्यावर इथे जे वाचत गेले, त्यातले काही या लेखात मांडते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. इंग्लंडमधली शाळा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ईटन, हॅरो येतात. त्यांना ते लोक ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात आणि त्यांत पब्लिकच्या मुलाला प्रवेश नसतो. या लेखाचा त्या शाळांशी संबंध नाही. गावोगावच्या जुन्या ग्रामर शाळांशीही फारसा नाही. त्या लॅटिन-ग्रीकसाठी कोणा दानशूराने केव्हातरी नेमून दिलेल्या. लीड्सच्या व्यापाऱ्यांनी आपल्या ग्रामर शाळेत गणित आणि चालू काळातील भाषा शिकवाव्यात म्हणून धडपड केली, तेव्हा १८०५ साली लॉर्ड एल्डन यांनी निकाल दिला की मूळ देणगी ज्या विद्येसाठी आहे तिच्याऐवजी दुसरी विद्या तिच्या पैशांतून शिकवता येणार नाही. गिरणीकामगाराच्या पोराला त्या दाराशी काही काम नव्हते. तो कुठे शिकत होता?

पुष्कळदा तो एखाद्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात शिकत होता. अशा शाळांना ‘डेम स्कूल’ म्हणत. बाई चुलीजवळ शिवणटिपण करीत बसायची, भोवती दहाबारा पोरे, आठवड्याला तीनचार पेन्स फी. ज्याला अक्षर लागेल त्याने तिच्या गुडघ्याशी येऊन वाचून दाखवायचे. १८३३ साली स्थापन झालेल्या मँचेस्टरच्या सांख्यिकी मंडळाने घरोघर फिरून या शाळांची पाहणी केली. अहवालातला सूर तिरस्काराचा आहे : जागा कोंदट, पुस्तके फाटकी, बाईलाच धड येत नाही. ते खोटे नसावे. पण मला वाटते, पाहणी करणाऱ्या सद्गृहस्थांना एक गोष्ट दिसली नाही. जवळच दानधर्मावर चालणारी, स्वस्तातली, मोठ्या खिडक्यांची शाळा असूनही अनेक आईबाप म्हातारीकडेच पैसे मोजत होते. तिथे पोर केव्हाही पाठवता येई, केव्हाही नेता येई, आठवडा कोरडा गेला तर फी पुढच्या आठवड्यावर ढकलता येई, आणि ‘तुम्ही कोणत्या चर्चला जाता?’ असे कोणी विचारीत नसे. फिल गार्डनर या इतिहासकाराने १९८४ साली या हरवलेल्या शाळांवर एक पुस्तकच लिहिले आणि त्यांच्याकडे आईबापांच्या बाजूने पाहायला शिकवले. आपल्याकडच्या पंतोजीच्या ओसरीवरील शाळेबद्दल साहेबांनी जे शेरे मारले, ते याच्या शेजारी ठेवून वाचावेत. भाषा जवळजवळ तीच आहे.

दुसरी जागा रविवारची शाळा. ग्लॉस्टरच्या रॉबर्ट राइक्सने १७८० मध्ये सुरू केलेल्या शाळेने तिचे नाव देशभर झाले. आठवड्याचे सहा दिवस मूल कामावर, म्हणून सातवा दिवस. स्टॉकपोर्ट या कापडगिरण्यांच्या गावातली रविवारची शाळा इतकी वाढली की तिला जगातली सर्वांत मोठी म्हणत. तिच्या पटावर हजारो मुले असत. इथे एक विचित्र वाद झाला. वाचायला शिकवावे यावर सगळ्यांचे एकमत, कारण बायबल वाचायचे होते. पण लिहिणे हे काम आहे, आणि रविवारी काम करणे पाप. म्हणून कित्येक शाळांनी लेखन बंद केले. परिणामी वाचता येते पण सही करता येत नाही, अशी माणसे त्या काळात बरीच होती. पुढे लग्ननोंदणीतल्या सह्यांचा विषय येईल, तेव्हा हे ध्यानात ठेवावे.

तिसरी जागा मात्र आपल्या देशातून गेली. मद्रासजवळ एग्मोर येथे लष्करातील गोऱ्या सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रम होता, आणि त्याची देखरेख अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे होती. एकदा घोड्यावरून रपेट करताना त्याने एक देशी शाळा पाहिली. मुले जमिनीवर वाळू पसरून बोटाने अक्षरे गिरवीत होती. धूळपाटीच ती! बेलने ती आश्रमात आणायचे ठरवले. त्याच्या हाताखालचे मास्तर तयार होईनात, तेव्हा त्याने आठएक वर्षांच्या एका मुलालाच लहानांचा वर्ग सोपवला. तो वर्ग चालला. मग मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवायचे, एका मास्तरावर शेकडो मुले चालवायची, अशी ‘मद्रास पद्धत’ ठरली. बेलने १७९७ मध्ये ती लंडनला छापून प्रसिद्ध केली. इकडे साउथवर्कमध्ये जोसेफ लँकेस्टर हा क्वेकर तरुण १७९८ पासून जवळजवळ हेच करीत होता. एक मोठा दिवाणखाना, ओळीने बाके, प्रत्येक ओळीच्या टोकाला मॉनिटर, शिटी वाजली की सगळ्यांनी पाट्या वर. तो छडी वापरीत नसे, पण खोडकर पोराला टोपलीत घालून छताला टांगायला त्याला काही वाटत नसे.

यातून दोन संस्था उभ्या राहिल्या आणि एकमेकींशी शतकभर भांडल्या. लँकेस्टरच्या अनुयायांची, पुढे ब्रिटिश अँड फॉरेन स्कूल सोसायटी म्हणून ओळखली गेलेली संस्था, चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथांची. बेलला पुढे करून १८११ साली निघालेली नॅशनल सोसायटी चर्चची. आजही इंग्रजी गावांतून जुन्या इमारतींवर ‘नॅशनल स्कूल’ असे कोरलेले दिसते. ‘नॅशनल’ म्हणजे सरकारी असा आपला समज होतो. तो चुकीचा आहे. एकाच रस्त्यावर समोरासमोर ‘नॅशनल’ आणि ‘ब्रिटिश’ अशा दोन शाळा, आणि चार गल्ल्या पलीकडे जिथे हातावर पोट असलेले लोक राहतात तिथे एकही नाही, हे अनेक शहरांतले चित्र होते. बेलची पद्धत पुढे बोटीतून परत मुंबईला आली आणि १८२० च्या दशकात इथल्या नव्या शाळांत वापरली गेली. आपली धूळपाटी आपल्याकडे अशी विलायती होऊन परतली.

सरकार काय करीत होते? बराच काळ काहीच नाही. सॅम्युएल व्हिटब्रेडने १८०७ मध्ये प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा असावी असे विधेयक आणले. त्यावर डेव्हिस गिडी या खासदाराने उघड सांगितले की गरिबांना शिकवले तर त्यांना आपल्या वाट्याच्या कामाची घृणा वाटू लागेल. विधेयक पडले. पुढे १८३३ साली पार्लमेंटने प्रथमच शाळागृहांसाठी २०,००० पौंड मंजूर केले. ही रक्कम वरील दोन संस्थांमार्फत वाटली जाई, आणि अट अशी की खर्चाचा निम्मा भाग लोकांनी आधी उभा करावा. ज्या वस्तीत वर्गणी देणारे होते तिथे शाळा झाली. ज्या वस्तीला सर्वांत जास्त गरज होती तिथे वर्गणी देणारेच नव्हते. अनुदानाचा हा नियम वाचताना मला आपल्याकडचे पुष्कळ काही आठवले.

त्याच १८३३ च्या कारखाना कायद्याने कापडगिरणीतल्या लहान मुलांना रोज दोन तास शाळा सक्तीची केली, आणि १८४४ च्या कायद्याने ‘अर्धवेळ’ची रीत बसवली : अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. शाळेत गेल्याचा दाखला मालकाला दाखवावा लागे. लेनर्ड हॉर्नर या कारखाना निरीक्षकाला असे दाखले सापडले की ज्यांवर मास्तरांनी सहीऐवजी फुलीच मारलेली. म्हणून १८४४ च्या कायद्यात दाखला मास्तराने स्वहस्ते लिहावा असे घालावे लागले! पहाटे उठून यंत्रावर उभे राहिलेले मूल दुपारी बाकावर झोपणार, हे सांगायला आयोग नेमण्याची गरज नव्हती. तरी ही रीत पुरती मोडायला विसाव्या शतकाचा तिसरा दशक उजाडला.

मास्तरांचे काय? सरकारी शिक्षण समितीचे पहिले सचिव जेम्स के-शटलवर्थ यांनी मॉनिटरांच्या जागी ‘विद्यार्थी-शिक्षक’ आणले. तेराव्या वर्षी शाळेतच उमेदवारीवर राहायचे, पाच वर्षे दिवसा शिकवायचे आणि शाळेआधी किंवा नंतर हेडमास्तरांकडे स्वतः शिकायचे. पगार वर्षाला दहा पौंडांपासून वीसपर्यंत. १८४६ ची ही योजना कामगारांच्या हुशार मुलींना फार उपयोगी पडली. मोलकरीण किंवा गिरणी याखेरीज तिसरी वाट त्यांना प्रथमच दिसली.

आता ज्या प्रकरणासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. सरकारी खर्च वाढत चालला, तशी हिशोबाची ओरड सुरू झाली. न्यूकॅसल आयोगाने १८६१ मध्ये अहवाल दिला आणि रॉबर्ट लो यांनी १८६२ मध्ये ‘सुधारित संहिता’ लागू केली. तिचे मर्म निकालावर दाम. सरासरी हजेरीमागे मुलागणिक ४ शिलिंग. त्याशिवाय सहा वर्षांवरील ज्या मुलाची अर्ध्या दिवसाची एक अशा दोनशेहून अधिक हजेऱ्या भरल्या असतील त्याच्यामागे ८ शिलिंग, पण ते निरीक्षकासमोर परीक्षा देऊन मिळवायचे. वाचन, लेखन, अंकगणित. ज्या विषयात मूल नापास होईल त्याचे २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. सहा पायऱ्या ठरवल्या. पहिलीत एकाक्षरी शब्दांचा उतारा वाचणे, ऐकलेली अक्षरे पाटीवर काढणे, वीसपर्यंत अंक. सहावीत वर्तमानपत्रातला परिच्छेद वाचणे आणि तसाच दुसरा ऐकून लिहिणे. या पायऱ्यांना त्यांनी ‘स्टँडर्ड’ म्हटले. आपण इयत्ता म्हणतो. मूल किती शिकले ते सांगायला ‘चौथीत आहे’ एवढे पुरते, ही सवय इथली.

यातून जे व्हायचे ते झाले. इतिहास-भूगोलाला पैसे नव्हते, म्हणून ते वेळापत्रकातून आखडले. वाचनाचे एकच पुस्तक वर्षभर इतके घोकून घेत की निरीक्षकाने पुस्तक उलटे धरायला सांगितले तरी पोर अडखळत नसे. हुशार मुलाकडे लक्ष द्यायचे कारण नाही, तो पास होणारच. अगदी मंद मुलावर वेळ घालवण्यात नफा नाही. सगळा जोर मधल्यांवर. परीक्षेच्या दिवशी आजारी मुलालाही गुंडाळून आणत, कारण त्याच्या अंगावर शाळेचे आठ शिलिंग होते. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी पस्तीस वर्षे शाळा निरीक्षक होता, आणि आपल्याच खात्याला तो अहवालांतून पुन्हापुन्हा सांगत राहिला की या यंत्रात मुलाची बुद्धी मरते आहे. सरकारला एक गोष्ट मात्र साधली : १८६१ मध्ये सुमारे ८ लाख १३ हजार पौंड असलेला खर्च १८६५ पर्यंत ६ लाख ३६ हजारांवर आला.

मी शिकवत होते त्या शाळेतही तपासणीच्या आधीचा आठवडा वेगळाच असे. भिंती पुसल्या जात, टाचणवह्या पुऱ्या होत, आणि वाचता न येणाऱ्या पोराला त्या दिवशी मधल्या बाकावर कुठे बसवायचे हे आम्ही ठरवीत असू. मीही ठरवले आहे. शेवटच्या वर्षांत तर निम्मा शेरा पटसंख्येचाच असायचा. मराठी वर्गात मुले किती उरली एवढेच विचारले जाई, त्यांना काय येते हे नव्हे. संहितेविषयी वाचताना म्हणून मला लो यांच्यापेक्षा त्या मास्तरांचीच लाज जास्त ओळखीची वाटली. त्यांचा पगार मुलांच्या निकालाला बांधलेला होता. माझा तर तसा नव्हता.

निकालावर दाम देण्याची ही कल्पना मुंबई इलाख्यातही आली. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी तिच्यावर नेमके बोट ठेवले आहे. ज्या लोकांत अजून शिक्षणाची गोडीच लागलेली नाही त्यांच्यात ही पद्धत चालणार नाही. तिच्यावर पोट भरणार नाही म्हणून अशा वस्तीत काम करायला कोणी शिक्षक धजावणार नाही, असे त्यांनी म्हटले. इंग्लंडच्या गिरणीवस्त्यांत वीस वर्षे जे घडत होते त्याचे इतके सरळ निदान मला तिकडच्या अहवालांतही क्वचितच सापडले.

बोर्ड आले ते १८७० च्या कायद्याने. तो मांडणारे विल्यम फॉर्स्टर हे स्वतः लोकरगिरणीचे मालक आणि ब्रॅडफर्डचे खासदार. जुन्या शाळा मोडायच्या नाहीत, फक्त जिथे खिंडार आहे तिथे ते भरायचे, असा त्यांचा पवित्रा होता. ज्या गावात शाळा अपुऱ्या असतील तिथे लोकांनी स्कूल बोर्ड निवडावे, बोर्डाने स्थानिक करातून शाळा बांधाव्यात. फी घेता येई, पण आठवड्याला नऊ पेन्सपेक्षा जास्त नाही. बोर्डाच्या शाळेत कोणत्याही एका पंथाची प्रश्नोत्तरी शिकवायची नाही, ही अट मोठ्या भांडणानंतर घातली गेली.

या निवडणुकीची रीत आपल्यासारख्या अल्पसंख्य भाषिकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. बोर्डावर जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला. ती वाटून द्यावीत किंवा सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकावीत. त्यामुळे लहान गटाने एकजूट केली की त्याचा एक तरी माणूस निवडून येई. कॅथलिक आले, छोटे पंथ आले, पुढे कामगारांचे प्रतिनिधी आले. पार्लमेंटसाठी मत नसलेल्या स्त्रियांनाही इथे उभे राहता येई : १८७० मध्येच लंडनला एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस, मँचेस्टरला लिडिया बेकर निवडून आल्या. ब्रॅडफर्डच्या बोर्डावर १८९४ मध्ये मार्गारेट मॅकमिलन आल्या. मळलेले, उवा पडलेले मूल शिकणार कसे, म्हणून त्यांनी शाळेतच न्हाणीघर काढायला लावले; वॉपिंग रोडच्या शाळेत ते १८९७ साली झाले.

सक्ती लगेच आली नाही. ती आधी ज्या त्या बोर्डाच्या मर्जीवर होती; १८८० मध्ये पाच ते दहा वर्षांच्या सर्वांना लागू झाली. बोर्डाचा माणूस गल्लीत दिसला की पोरे कोळशाच्या कोठारात लपत. सोमवार धुण्याचा, म्हणून थोरली मुलगी घरी. लंडनच्या पूर्व भागातली बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे सप्टेंबरात केंट परगण्यात बिअरसाठी लागणारी हॉपची फुले तोडायला जात आणि वर्ग ओस पडत. दंड झाला तरी आईला ते परवडे, कारण मुलाची मजुरी दंडाहून जास्त होती. १८९१ नंतर बहुतेक शाळांतली फी गेली आणि हजेरी स्थिरावली. महाराज सयाजीरावांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला तो १८९३ मध्ये. इंग्लंडची सक्ती तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची होती. आम्ही बडोदेकर या गोष्टीचा अभिमान बाळगतो, पण तारखा शेजारी ठेवल्यावर ती किती धाडसाची होती हे मला नव्याने कळले.

मग या बोर्डाच्या शाळांनी इंग्लंड साक्षर केले का? लग्ननोंदणीतल्या सह्या पाहिल्या तर उत्तर सरळ नाही. १८४१ मध्ये सुमारे दोनतृतीयांश वर आणि निम्म्या वधू सही करू शकत. १८७१ मध्ये, म्हणजे बोर्डाच्या शाळेत शिकलेले एकही मूल लग्नाच्या वयात येण्याआधी, ते प्रमाण शेकडा ८० आणि ७३ च्या आसपास गेले होते. म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरांनी, रविवारच्या शाळांनी, भांडणाऱ्या दोन संस्थांनी बरेच अंतर आधीच तोडले होते. बोर्डाने उरलेल्यांना गाठले, ज्यांच्यापर्यंत कोणीच गेले नव्हते त्यांना. हे काम कमी नाही, किंबहुना तेच सर्वांत अवघड. पण कोऱ्या पाटीवर त्यांनी सुरुवात केली हे खरे नाही.

भाषेच्या अंगाने या शाळांकडे पाहायचे तर जोसेफ राइटची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८५५ मध्ये ब्रॅडफर्डजवळ जन्म. सहाव्या वर्षी दगडखाणीत गाढवे हाकण्याचे काम, सातव्या वर्षी सॉल्टेअरच्या गिरणीत बॉबिन बदलणारा अर्धवेळ पोऱ्या. अर्धा दिवस शाळा होतीच, ती नेमकी संहितेच्या काळातली. त्याच्या घरात, गल्लीत, गिरणीत यॉर्कशरची बोली. शाळेत पुस्तकी इंग्रजी. पंधराव्या वर्षी त्याला वाचता येत नव्हते. फ्रान्स-प्रशियाचे युद्ध पेटले होते, कोणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवी, आणि आपल्याला ते स्वतः वाचता येत नाही याची त्याला चीड आली. बायबल आणि बनियनचे पुस्तक घेऊन तो शिकू लागला, रात्रशाळेत गेला, आणि थोड्याच वर्षांत घरीच आठवड्याला दोन पेन्स फीची स्वतःची रात्रशाळा चालवू लागला. साठवलेल्या पैशांवर जर्मनीत हायडेलबर्गला जाऊन शिकला. १९०१ मध्ये तो ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला.

त्याने १८९२ मध्ये व्याकरण लिहिले ते विंडहिलच्या, म्हणजे आपल्याच लहानपणच्या बोलीचे. मग देशभरच्या बोलींचा शब्दकोश हाती घेतला. गावोगावचे शेकडो लोक त्याला चिठ्ठ्या पाठवीत होते. शाळेच्या बाकावर ज्या शब्दांना मास्तर चूक म्हणून फुली मारीत, तेच शब्द अर्थ, परगणा आणि वापर यांसह तो उतरवून घेत होता. १८९८ ते १९०५ या काळात त्याचे सहा खंड निघाले. मधल्या काळात, १९०२ च्या कायद्याने, स्कूल बोर्डे बरखास्त होऊन त्यांच्या शाळा नगरपालिका आणि परगण्यांच्या समित्यांकडे गेल्या होत्या. पण दरवाज्यांवरचे दगड तसेच राहिले.